डिस्प्लेवर १९२ दिसलं म्हणून हुरळू नका

हाय-रेझ (सीडीपेक्षा बारीक नोंदीचा) अल्बम विकत घ्यायचा, स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरला लावायचा, डिस्प्लेवर १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे १ लाख ९२ हजार नमुने, असं उमटलं की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. हा फोटो मी इतक्यांदा पाहिलाय की आता चिडचिड होते. अहो, तो आकडा आत काय आलं ते सांगतो. स्पीकरकडे काय निघालं ते नाही. रूम करेक्शन (माइकने खोली मोजून आवाज सुधारणारी सोय) चालू असेल तर ऑडिसी कंपनीची ती सोय असलेल्या बऱ्याच रिसीव्हरांत १९२ चं आधी ४८ होतं, मग फिल्टर लागतात. एसएसीडी या हाय-रेझ डिस्कवरचं एका बिटचं डीएसडी रेकॉर्डिंगही अशा वेळी सहसा पीसीएम, म्हणजे सीडीसारख्या नेहमीच्या डिजिटल रूपात, येऊनच पुढे जातं.

हे कळलं रे कळलं की नवशिका रिसीव्हरमधली प्रक्रिया टाळणारं 'प्युअर डायरेक्ट' बटण दाबतो. माझ्या मेव्हण्याने तेच केलं. रात्री साडेदहाला फोन, "दाजी, सबवूफर गेला हो!" सकाळी तो रिक्षात घालून दुरुस्तीला नेणार होता. म्हटलं, हात लावू नकोस, येतो. गेलो तर सबचा दिवा लाल, म्हणजे झोपलेला. रिमोटवर 'स्टीरिओ' दाबलं, दिवा हिरवा, खिडकीचं तावदान थरथरलं. प्युअर डायरेक्टने बास मॅनेजमेंटच, म्हणजे खालचे सूर सबकडे वळवणारी सोयच, बंद केलं होतं. ८० हर्ट्झखालचा सगळा भार चार इंची बुकशेल्फ स्पीकरांच्या गळ्यात! "पण आवाज मोकळा वाटत होता," हे त्याचं वर. वाटणारच. त्या मोडमध्ये चॅनलची पातळी बदलली तर एकदीड डेसिबलचा फरक पडतो, आणि मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. तुलना करायची तर आधी दोन्हीकडची पातळी सारखी करा.

मी स्वतः करेक्शन चालूच ठेवतो. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतचे सूर टिकतात, म्हणून ४८ मध्ये जवळजवळ २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं आणि माझे कान त्याच्या बरेच अलीकडे थांबतात. उलट बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास जो घुमारा उठतो, तो बहिऱ्यालाही कळेल.

फक्त मोजणी नीट करा. माइक हातात धरून, पंखा चालू, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, आणि तीन जागी मोजून 'झालं एकदाचं' म्हणणारे मी पाहिलेत. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, कानाची उंची, रिसीव्हर सांगेल तितक्या जागा. पंधरावीस मिनिटं निघत नसतील तर करेक्शनच्या नावाने बोटं मोडू नका. मोजणीनंतर रिसीव्हरने स्पीकर 'लार्ज' (सगळा बास पेलणारे) दाखवले तर मी मुकाट 'स्मॉल' करून ८० हर्ट्झवर ठेवतो, म्हणजे त्याखालचं सबकडे जातं.

बाकी किरकोळ. ऑप्टिकल केबलवर १९२ ची आशा नको, बऱ्याच ठिकाणी ती ९६ लाच अडते. ४४.१ ची फाइल फुगवून १९२ केल्याने आत नवं काही येत नाही. आणि लॅपटॉपवर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह ही विंडोजचा मिक्सर टाळणारी सेटिंग लावा. नाहीतर तो मिक्सर सगळं आपल्याच ठरलेल्या दरावर आणतो आणि बोल रिसीव्हरला बसतो.