व्यायाम-डाएटमध्ये गॅप पडलाय? परत सुरू करताना या चुका टाळा

आमच्या जिममध्ये गणपती झाले की पहिल्या सोमवारी पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत निम्मी माणसं गायब झालेली असतात. हे मी सहा वर्षं बघतेय, आणि गेल्या वर्षी त्या गायब झालेल्यांमध्ये मी पण होते म्हणून हे लिहायला घेतलंय.

झालं असं की गणपतीला गावी कुडाळला गेलो, अकरा दिवस व्यायाम नाही, खाणं घरच्या रीतीप्रमाणे. परत डोंबिवलीला आल्यावर चौथ्या दिवशी ताप, टेस्ट केली तर डेंग्यू, तीन दिवस अ‍ॅडमिट, आणि नंतर ती कमजोरी की बाथरूमपर्यंत जाऊन आलं तरी पलंगावर पडून राहायचं. सगळं धरून सात आठवडे गेले. ते सात आठवडे गेले याचं मला आज काहीच वाटत नाही, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण परत सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी मी जे केलं त्यामुळे अजून तीन आठवडे गेले, आणि ते मात्र टाळता आले असते. गॅपमुळे जेवढं बिघडतं त्याच्यापेक्षा जास्त आपण भरपाई करायच्या नादात बिघडवतो, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या दिवशी जुनं वजन उचलणं

गॅपच्या आधी माझं स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा रॉड घेऊन बैठका) ४० किलोवर होतं. परत गेले त्या दिवशी रॉडला तेवढंच लावलं. उचललं गेलं हो, हीच तर मेख आहे. ताकद लवकर जात नाही, तीन-चार आठवडे तर ती बऱ्यापैकी टिकते आणि नंतरही हळूहळूच उतरते, त्यामुळे पहिल्या दिवशी अंगात जुना जोर असल्यासारखं वाटतं. जाते ती सवय. स्नायूला तो ताण सहन करायची जी सवय लागलेली असते ती गेलेली असते, आणि स्नायू हाडाला जोडणारे दोर आणि सांधे तर स्नायूंपेक्षा हळू तयार होतात. मी तीन सेट मारले आणि वर मागचं भरून काढायचं म्हणून शंभर बैठका काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक होते, संध्याकाळी जरा जड. तिसऱ्या दिवशी स्टेशनचा पूल उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवी होऊन एकेक पायरी उतरले, मागून ऑफिसला जाणारी गर्दी ढकलतेय आणि माझ्या मांड्या वाकायलाच तयार नाहीत. दुखणं असंच असतं, लगेच कळत नाही, २४ ते ७२ तासांत चढतं. म्हणून 'काल केलं, काही झालं नाही, आज अजून करू' हा हिशोब करू नका, दोन दिवस थांबून बघा.

मग करायचं काय, तर निम्म्यावर या. ४० चं २०, म्हणजे नुसता रॉड. चारऐवजी दोन सेट, आणि सेट संपताना अजून चार-पाच रेप्स (एका सेटमधल्या उचली) सहज निघतील इतक्यात थांबायचं. पहिला आठवडा दोनदा किंवा तीनदाच, मध्ये एक दिवस सोडून. पहिल्या दिवशी घरी जाताना 'आज काहीच केलं नाही' असं वाटलं पाहिजे, तेवढंच बरोबर. सूर्यनमस्कारवाल्यांनाही हेच, १०८ ची सवय असेल तरी १२ पासून. दर आठवड्याला थोडं वाढवत गेलं की चार-पाच आठवड्यांत माणूस जुन्या जागेवर येतो. हे मी मनाचं सांगत नाहीये. फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठाने २०२४ मध्ये हेच तपासून बघितलं होतं, एका गटाला सलग २० आठवडे वजनाचा व्यायाम दिला आणि दुसऱ्याला १० आठवडे व्यायाम, १० आठवडे पूर्ण सुट्टी, परत १० आठवडे व्यायाम. सुट्टीवाले परत सुरू केल्यावर पाचेक आठवड्यांत जुन्या पातळीला पोचले आणि शेवटी दोन्ही गटांत ताकदीचा किंवा स्नायूंचा म्हणावा असा फरक राहिला नाही. सुट्टी दहा आठवड्यांची होती, लक्षात घ्या, आणि आपण दोन आठवडे बुडले तर सगळं मातीत गेलं म्हणून रडत बसतो.

दम मात्र लवकर जातो हे खरं आहे. धावणं, सायकल, झुंबा यात दहा-बारा दिवसांतच फरक कळायला लागतो कारण रक्तातलं पाणी कमी होतं आणि हृदयाला तेच काम करायला जास्त ठोके द्यावे लागतात. पण तो परत येतो पण बऱ्यापैकी पटकन. आधी पाच किलोमीटर धावत असाल तर पहिले दोन आठवडे तीन मिनिटं चाला, एक मिनिट धावा, आणि बोलता येईल इतक्याच दमावर.

काट्यावरचा आकडा बघून घाबरणं

गावाहून आल्याआल्या मी काट्यावर उभी राहिले, ६४ चे ६६.८. अकरा दिवसांत पावणेतीन किलो! घाबरायला झालं. आता जरा हिशोब करून बघूया, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मी रोज नेहमीपेक्षा ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या असं धरलं, म्हणजे रोज दोन-तीन मोदक, वर तूप, तर अकरा दिवसांचे झाले ५५००. म्हणजे चरबी वाढली पाऊण किलोच्या आत. बाकीचे दोन किलो पाणी. भात-गूळ-पिठी जास्त खाल्ली की शरीर ती साखर स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये साठवतं आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, त्यात लोणची-पापड-फरसाणाचं मीठ आलं की अजून पाणी. नेहमीच्या जेवणावर आलं की हे चार-पाच दिवसांत आपोआप उतरतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. त्यामुळे परत आल्यावर पहिला आठवडा काट्याकडे बघूच नका. नंतर बघायचंच असेल तर रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, आणि सात दिवसांची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो, बायकांना तर पाळीच्या आधी असाही किलो-दीड किलो वर दिसू शकतो.

उलटंपण होतं. व्यायाम परत सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन किलोभर वाढतं आणि लोकं म्हणतात एवढी मेहनत करतेय आणि वजन वाढतंय, जाऊ दे. ते पण पाणीच आहे, ताण पडलेल्या स्नायूंना थोडी सूज येते ती. दोन आठवडे द्या त्याला.

खाल्लेल्याचं प्रायश्चित्त घेणं

ही चूक मी प्रत्येक घरात बघते. सणाला गोड झालं म्हणून मग दोन दिवस नुसतं ताक, किंवा फळांवर, किंवा गणपती झाले की पाठोपाठ नवरात्रीचे नऊ उपास 'डाएट पण होईल' म्हणून. देवासाठी उपास करताय तर जरूर करा, त्यात मला काही बोलायचं नाही, माझी आई पण करते. पण वजनासाठी करत असाल तर ताटात काय येतं ते बघा, साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्च, वर शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. एकादशी अन् दुप्पट खाशी हे काय उगाच नाही म्हणत. आणि नुसतं उपाशी राहिलात तर तिसऱ्या दिवशी रात्री अकराला डबे उघडले जातात.

अजून एक याचंच भावंड आहे. सकाळी ऑफिसमध्ये कुणाच्यातरी बर्थडेचा केक खाल्ला गेला की 'आता आजचा दिवस गेलाच' म्हणून दुपारी बिर्याणी, रात्री पावभाजी, आणि मग 'सोमवारपासून'. यावर जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. हर्मननी १९७५ मध्येच दाखवून दिलं होतं की डाएटवर असलेल्यांना आधी मिल्कशेक पाजला तर त्यानंतर ते आइस्क्रीम कमी नाही तर जास्त खातात, कारण नियम मोडलाच आहे तर आता कशाला थांबायचं. केकचा एक तुकडा ३०० कॅलरीचा असतो, त्याने काही होत नाही. त्याच्यामागून जो अख्खा आठवडा सोडून दिला जातो त्याने होतं. म्हणून पुढचं जेवण, तेच पुढचं, नेहमीसारखं घ्यायचं. कमी नाही, जास्त नाही. सोमवार नाही, उद्या सकाळ पण नाही, पुढचं जेवण.

आजारपणात उतरलेलं वजन टिकवायला जाणं

यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. डेंग्यूतून उठले तेव्हा माझं वजन ६१ होतं. येणारा प्रत्येक जण 'अगं किती बारीक झालीस, छान दिसतेस' म्हणत होता आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. म्हणून मग मी कमीच खात राहिले, सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक पोळी, रात्री पेज. तापात जे उतरतं त्यात स्नायू असतो, पाणी असतं, आणि तो स्नायू परत यायला खाणं लागतं. मी ते दिलं नाही. हातापायात जोर येईना, आणि आजारपणानंतर अडीच-तीन महिन्यांनी केस असे गळायला लागले की विंचरताना हातात पुंजका यायचा. मोठ्या तापानंतर केस तसे गळतातच, नंतर परत येतात, पण खाण्याची आबाळ केली की ते जास्त होतं असं मला डॉक्टरांनी सांगितलं.

तर आजारपणानंतर पहिले तीन-चार आठवडे वजन कमी करायचा विषयच काढू नका, दोन-तीन किलो परत येऊ द्या. प्रोटीन वाढवा. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते, व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ पर्यंत जावं, म्हणजे साठ किलोच्या बाईला सत्तर ते पंच्याण्णव ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) हा आकडा ऐकून लोकं लगेच पावडरच्या दुकानात जातात, त्याची गरज नाही. दोन अंडी १२ ग्रॅम, एक वाटी घट्ट वरण सहा-सात, १०० ग्रॅम पनीर १८, ५० ग्रॅम सोया चंक्स २६, १०० ग्रॅम बांगडा २० च्या आसपास. आमच्याकडे आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ असतेच, फक्त आंबोळ्या चारच्या दोन करायच्या आणि उसळ एक वाटीची दोन वाट्या. गणपतीत सुद्धा सगळं गोडच असतं असं नाही, ऋषीची भाजी, उसळी हे पण तिथेच असतं, आपण वाढून घेताना मोदकाकडे आधी हात नेतो एवढंच.

आणि ताप असताना किंवा ताप जाऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर व्यायाम अजिबात नको, व्हायरल तापात कधी कधी हृदयाला सूज येते आणि अशात दमवणारा व्यायाम धोक्याचा ठरतो. डेंग्यू, कोविड, टायफॉइड असं काही झालं असेल तर कधी सुरू करू हे डॉक्टरांना सरळ विचारा. मी माझ्यापुरती एक खूण ठरवली होती, दोन मजले न थांबता चढून वर आल्यावर फोनवर नीट बोलता आलं की मग जिम. छातीत दुखणं, धडधड, चक्कर यातलं काही झालं तर थांबा आणि ईसीजी काढून घ्या.

कुठे अडलं तर

दुखणं चार दिवसांच्या वर राहिलं तर पुढचा सेट निम्मा करा, व्यायाम बंद नका करू, चालणं तर चालूच ठेवा, रक्त फिरलं की बरं वाटतं. पण एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल, सांध्यात, तर ते अंग धरणं नाही, ते दाखवून घ्या. पेनकिलर खाऊन परत जिमला जाण्याची चूक मी केली, करू नका, दुखणं झाकलं जातं आणि आपण त्याच्यावरच परत घाव घालतो.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. गॅपनंतर एकदम भरपूर बैठका किंवा स्क्वॉट्स मारल्यावर मांड्या दगडासारख्या सुजल्या, आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी काळपट झाली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात आलेलं असतं आणि त्याने किडनी बंद पडू शकते. धडधाकट तरुण पोरांना पण होतं, विशेषतः मित्रांमध्ये पैज लावून मारलेल्या बैठकांनी.

झोप लागत नाही, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके वर, चिडचिड, असं दोन-तीन दिवस राहिलं तर खाणं कमी पडतंय किंवा व्यायाम जास्त होतोय, बहुतेक वेळा दोन्ही. आधी खाणं वाढवून बघा.

यंदा शिमग्याला गावी गेलो तेव्हा मी ठरवूनच गेले होते. सकाळी आंघोळीच्या आधी पडवीत पंधरा बैठका, कठड्याला हात लावून दहा पुशअप, हे दोनदा, आठ मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाऊन यायचं. पुरणपोळी खाल्ली, तुपाबरोबर खाल्ली. तिसऱ्या दिवशी वहिनी पदर खोचून शेजारी येऊन उभी राहिली, म्हणाली मला पण दाखवा कसं करायचं, आणि आता ती तिकडून रोज सकाळी मला मेसेज टाकते, 'झाल्या वीस.'