बीसी547 प्रीअँप गरम झाल्यावर आवाज फाटत होता: माझा अनुभव

12 व्होल्टवर चालणारा, बीसी547 या एकाच ट्रान्झिस्टरचा माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट). सुरुवातीला आवाज स्वच्छ, पण डबा तापला की फाटायला लागायचा. थंड असताना कलेक्टरवर (कलेक्टर, बेस आणि एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय) 7 व्होल्ट, नंतर ते घसरत 3 च्या खाली.

कपॅसिटर आणि सप्लाय बदलले, उपयोग शून्य. नवा बीसी547 लावला तर कलेक्टर थेट 1 व्होल्टवर! अगदी वैताग आला. पण खरा धागा इथेच मिळाला. या ट्रान्झिस्टरचा बीटा (बेसचा करंट कलेक्टरला किती पट होतो तो आकडा) 110 ते 800 यांमध्ये कुठेही असू शकतो आणि तापमानाबरोबर वाढतोही. माझ्यासारखा बेसला फक्त 2.2 मेगओहमचा एकच रेझिस्टर असेल, तर कलेक्टर करंट पूर्णपणे बीटाच्या हातात जातो; तो वाढला की कलेक्टरचा व्होल्टेज घसरतो आणि आवाज फाटतो.

मग असं केलं. सप्लाय काढून 2.2 मेगओहम उपटला. सप्लाय ते बेस 56 किलोओहम, बेस ते ग्राउंड 10 किलोओहम. एमिटर ग्राउंडपासून सोडवून मध्ये 100 ओहम आणि त्याच्या खाली 1.1 किलोओहम लावले. 100 मायक्रोफॅरड फक्त 1.1 किलोओहमला समांतर, ऋण टोक ग्राउंडला. 100 ओहमला कपॅसिटर समांतर लावू नका, नाहीतर गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) भलताच वाढतो. आता तो साधारण 40 आहे. शेवटी कलेक्टरचा 4.7 किलोओहम काढून 5.6 किलोओहम.

सिग्नल न देता मोजा: एमिटरवर सुमारे 1.1, कलेक्टरवर 6.7 व्होल्ट. सोल्डरिंग आयर्न न टेकवता जवळ धरलं, तर कलेक्टर पाव व्होल्टच्या आसपासच हलतो.