एकटेपणा रंगवताना निळ्यावर सगळी भिस्त नको

एकटेपणा म्हटलं की हात आधी निळ्या ट्यूबकडे जातो. पण सगळा कॅनव्हास निळा केला की डोळा त्याला सरावतो आणि चित्र नुसतं रात्रीचं वाटू लागतं. पिकासोच्या 'द ओल्ड गिटारिस्ट'मध्ये (१९०३-०४) म्हातारा, त्याचे कपडे, मागची भिंत, सगळं निळसर आहे. तपकिरी आहे ती फक्त गिटार. छापील चित्रावर अंगठ्याने ती झाकून बघा, बाकीच्या निळ्यातला गारठा लगेच उतरतो.

समजा, रिकाम्या खोलीतला एकटा माणूस रंगवायचा आहे. तैलरंगात सुरुवात करड्यापासून करा. अल्ट्रामरीन ब्लू दोन भाग आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) एक भाग पॅलेट नाइफने, म्हणजे रंग मिसळायच्या बोथट सुरीने, मिसळा आणि त्याचे तीन ढीग करा. एकात चिमूटभर निळा वाढवा, दुसऱ्यात सिएना, तिसरा आहे तसाच ठेवा. मग प्रत्येकात टायटॅनियम व्हाइट घालत चार-चार पायऱ्या उजळ करा. नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा करडा वापरला तर भिंत निर्जीव दिसते. या तीन करड्यांत मात्र ती किंचित थंड-उबदार होत राहते आणि रिकामी असूनही बघावीशी वाटते. चित्राचा नव्वद टक्के भाग यातूनच भरा.

आता माणूस. त्याच्या कोटासाठी यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळ्यात) कॅडमियम रेड अगदी थोडा घाला आणि तयार करड्याचा एक ठिपका मिसळून तो रंग मवाळ करा. एरवी एक रंग चित्रात दोन-तीन ठिकाणी फिरवावा असं शिकवतात, म्हणजे चित्र बांधलं जातं. इथे तो मुद्दाम कुठेही पुन्हा आणू नका. खरी कसोटी पुढे आहे: कोटाचा उबदारपणा शेजारच्या भिंतीवर, जमिनीवर हलकासा परावर्तित होतो आणि सवयीने आपण तो रंगवतोच. तो गाळा. कोटाला लागून असलेली भिंत थंडच ठेवा, म्हणजे खोली त्या माणसाची दखलच घेत नाही असं वाटतं.

कोट आसपासच्या रंगापेक्षा फार उजळ झाला तर त्यावर रंगमंचाचा झोत पडल्यासारखा दिसतो. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. कोट आणि भिंत यांत एका पायरीहून जास्त फरक असेल तर तो कमी करा. करडा ओला असताना कोट लावला तर कडेला रंग मिसळून मळकट होतो, म्हणून आधीचा थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा.

सगळं गडद करण्याचा मोहही टाळा. अंधाराने भीती येते, एकटेपणाला उजेड लागतो. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या 'नाइटहॉक्स'मध्ये (१९४२) रस्ता ओस आहे आणि माणसं बसलीत ती पिवळट, लख्ख प्रकाशात.