काउंटीच्या ऑफिसात नोकरी : पहिल्या दोन वर्षांत मला काय काय कळलं

बे एरियात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या बऱ्याच मैत्रिणी, खास करून ज्यांचं ग्रीन कार्ड किंवा ईएडी (काम करायचा परवाना) नुकतंच आलंय अशा, मला हमखास विचारतात की तू काउंटीत नक्की करतेस काय आणि आम्हाला तिथे घेतील का. दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

मी उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या सरकारात, क्लर्क ऑफ द बोर्डच्या ऑफिसात आहे. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत, लॉस एंजेलिस काउंटीत जवळपास एक कोटी माणसं राहतात आणि डोंगरातल्या आल्पाइन काउंटीत जेमतेम बाराशे, पण कारभाराचा सांगाडा साधारण सारखाच, मतदारांनी निवडून दिलेले पाच सुपरवायझर आणि त्यांचं बोर्ड. (सॅन फ्रान्सिस्को शहरही आहे आणि काउंटीही, तिथे अकरा आहेत. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०२४ मध्ये पाचाचे नऊ करायला मंजुरी दिलीय.) तुरुंग, पब्लिक हेल्थ, मेडिकॅल (कमी उत्पन्नवाल्यांचा आरोग्य विमा) आणि कॅलफ्रेशचे (अन्नासाठीच्या मदतीचे) अर्ज, मुलांचं संरक्षण, निवडणुका, घरांचं मूल्यांकन, लग्नाचं लायसन्स, शहराच्या हद्दीबाहेरचे रस्ते, हे सगळं काउंटीकडे. तुमच्या घरासमोरचा खड्डा मात्र बहुतेक वेळा सिटीचा असतो, आणि फोन काउंटीला येतो, तर पहिल्याच आठवड्यात कुणाला कुठे पाठवायचं ते पाठ करा, कारण समोरच्या माणसाने तोवर तीन ठिकाणी फोन करून झालेले असतात.

माझे वडील सांगली जिल्ह्यात पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक होते, त्यामुळे विषयपत्रिका, ठराव, इतिवृत्त हे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकलेत. इथे आल्यावर मला वाटलं हे आपल्या जिल्हा परिषदेसारखंच असणार. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे झेडपीचा सीईओ आयएएस असतो, राज्य सरकार पाठवतं आणि राज्य सरकारच बदली करतं. इथे काउंटी एक्झिक्युटिव्हला, म्हणजे काउंटीच्या मुख्य अधिकाऱ्याला, बोर्ड स्वतः नेमतं आणि काढूही शकतं. उलट शेरीफ, डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (सरकारी वकील) आणि असेसर (घरांचं मूल्यांकन करणारा) हे थेट लोकांनी निवडलेले, म्हणजे बोर्ड त्यांचं बजेट ठरवतं पण त्यांनी काम कसं करायचं ते बोर्ड सांगू शकत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की ऑफिसातली अर्धी ईमेलं आपोआप कळायला लागतात.

माझी सुरुवात एक्स्ट्रा हेल्प म्हणून झाली, म्हणजे टेम्पररी, टॅक्स कलेक्टरच्या काउंटरवर. प्रॉपर्टी टॅक्सचा पहिला हप्ता १ नोव्हेंबरला ड्यू होतो आणि १० डिसेंबरनंतर १० टक्के दंड, दुसरा १ फेब्रुवारीला आणि १० एप्रिलनंतर तसाच दंड. डिसेंबरच्या त्या शेवटच्या दोन दिवसांत जी रांग लागते ती बघण्यासारखी असते, आणि सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे शेजारच्याचं घर माझ्याएवढंच आहे तर त्याचा टॅक्स माझ्या निम्मा कसा. याचं उत्तर १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या नियमात आहे, मूळ दर एक टक्का, आणि घराचं टॅक्ससाठीचं मूल्य खरेदीच्या किमतीपासून वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं, मग ज्याने १९८५ ला घर घेतलं आणि ज्याने गेल्या वर्षी घेतलं त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडणारच. आणि तो सगळा पैसा काउंटीला मिळतो असंही नाही, शाळा, सिटी, फायर डिस्ट्रिक्ट सगळ्यांत वाटला जातो. हे चिडलेल्या माणसाला शांतपणे सांगता येणं हीच त्या काउंटरवरची खरी परीक्षा होती, मला ते जमायला एक पूर्ण सीझन लागला.

नंतर परीक्षा देऊन बोर्डाच्या ऑफिसात आले. आमचं काम म्हणजे मीटिंगचा अजेंडा तयार करणं, तो लावणं, मीटिंग चालू असताना नोंदी घेणं, मग इतिवृत्त आणि ठराव. ऐकायला कोरडं वाटतं पण मला ते मनापासून आवडतं, कारण काउंटीत काहीही व्हायचं असेल, नवीन नर्सची पोस्ट असो, पुलाची दुरुस्ती असो, ते आमच्या टेबलावरून जातंच. डिपार्टमेंट मेमो लिहितं, फिस्कलवाले आकडे तपासतात, काउंटी काउन्सेल म्हणजे वकील कराराच्या मसुद्यावर सही करतात, एक्झिक्युटिव्हचं ऑफिस वाचतं, मग आमच्याकडे येतं. याला दोन-तीन आठवडे सहज लागतात, आणि डेडलाइन गुरुवारी दुपारची असेल तर ती खरंच गुरुवारी दुपारचीच असते.

सगळ्यामागे ब्राउन अ‍ॅक्ट आहे, सरकारी मीटिंग लोकांसमोर उघडपणे व्हाव्यात म्हणून केलेला १९५३ चा कायदा. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा किमान ७२ तास आधी लोकांना बघता येईल असा लावलाच पाहिजे, मंगळवारी सकाळी नऊची मीटिंग असेल तर शनिवारी सकाळी नऊच्या आत, म्हणजे आमच्यासाठी शुक्रवारीच. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर, अगदी थोडे अपवाद सोडले तर, बोर्ड निर्णय घेऊ शकत नाही. आणि पाचांतल्या तिघांनी मीटिंगबाहेर एखाद्या विषयावर आपसात ठरवायचं नाही, एकामागून एक फोन करूनही नाही. यातला नवीन माणसाला न दिसणारा धोका हा, की एका सुपरवायझरचं मत तुम्ही सहज बोलता बोलता दुसऱ्याच्या ऑफिसात सांगितलंत आणि मग तिसऱ्याच्या, तर निरोप्या तुम्हीच झालात आणि कायदा मोडला. रिप्लाय ऑल करताना दहा वेळा बघा.

माझी एक चूक सांगते. घरपोच जेवण देणाऱ्या एका संस्थेच्या कराराची मुदतवाढ अजेंड्यावर होती, वयस्कर एकट्या माणसांसाठीचं काम. डिपार्टमेंटने शेवटच्या क्षणी शीर्षक बदलून पाठवलं, त्यात रक्कमही वाढवली होती, आणि मी सिस्टिममध्ये जुनंच शीर्षक ठेवलं. फक्त मुदतवाढ, रकमेचा उल्लेखच नाही. सोमवारी वकिलांच्या लक्षात आलं, ते म्हणाले लोकांना पैसे वाढणार हे कळवलेलंच नाही, आता घेता येणार नाही. विषय पुढच्या मीटिंगवर गेला. दोन आठवडे. त्या संस्थेच्या बाई फोनवर मला एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की नवीन नावं आम्ही या सोमवारपासून घेणार होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणीतरी आजी डब्याची वाट बघतेय आणि तिला कळणारही नाही की कुठल्या ओळीमुळे तो आला नाही. तेव्हापासून मी आणि माझी सहकारी प्रत्येक अजेंडा मोठ्याने वाचतो, एकीच्या हातात मेमो, दुसरीच्या हातात अजेंडा, आकडे तर अंक-अंक करून. वेळ जातो, जाऊ दे.

काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून, त्यामुळे मे-जूनमध्ये बजेट हिअरिंग असतात आणि तेव्हा रजा मागू नका. वर्षाच्या मध्ये अनपेक्षित आलेला पैसा बजेटमध्ये घालायला पाचांतली चार मतं लागतात, म्हणजे एक सुपरवायझर आजारी असेल तर उरलेल्या चौघांनी हो म्हणायलाच हवं, म्हणून असे विषय कुठल्या दिवशी ठेवायचे हे आधी सगळ्यांचं कॅलेंडर बघून ठरवावं लागतं. अजून एक, कॅलिफोर्नियात सरकारी नोकर कायद्याने डिझास्टर सर्व्हिस वर्करही असतो, म्हणजे आपत्तीत त्याला मदतकामावर बोलावता येतं. वणव्यात मला शेल्टरवर चादरी वाटायला पाठवलं होतं, तर ही नोकरी घेताना घरी ते सांगून ठेवा.

आता नोकरी मिळवायचं. जाहिरातीत डिग्री मागितली असेल तर भारतातल्या डिग्रीचं इव्हॅल्युएशन आधीच करून ठेवा, त्याला वेळ लागतो. अर्जासोबतची सप्लिमेंटल प्रश्नावली बऱ्याचदा मार्कांसाठी असते, तिथे रेझ्युमे बघा असं लिहिलं की संपलं, मराठी शाळेचे हिशेब सांभाळले असतील, सोसायटीची सेक्रेटरी असाल, तर ते आकड्यांसकट लिहा, चालतं. मग परीक्षा किंवा पॅनेलसमोर मुलाखत, मग एलिजिबल लिस्ट, म्हणजे पास झालेल्यांची यादी, त्या लिस्टवर नाव असूनही महिनोन् महिने फोन येत नाही आणि त्याचा अर्थ तुम्ही नापास असा नसतो, मला पाच महिन्यांनी आला. ऑफर आल्यावर बोटांचे ठसे, आणि मग प्रोबेशन. पगार आयटीच्या जवळपासही नाही, पण पेन्शन आहे, हेल्थ इन्शुरन्स चांगला आहे.

मुलाखतीआधी एक काम मात्र नक्की करा, बोर्डाच्या एका मीटिंगला जाऊन बसा. नाव नोंदवायची सक्ती ते करू शकत नाहीत, थेट आत जायचं. अजेंडा आदल्या रात्री वाचून न्या आणि कन्सेंट कॅलेंडरवर लक्ष ठेवा, तिथे तीस-चाळीस विषय एका मतात मंजूर होतात. त्यातला एखादा विषय कुणी सुपरवायझर चर्चेसाठी बाहेर काढतो, तो कुठला आणि त्याने काय विचारलं ते लिहून घ्या. मला मुलाखतीत विचारलं होतं, आमच्या बोर्डासमोर सध्या काय चाललंय, आणि माझ्याकडे त्या मंगळवारची वही होती.