परप्रांतीय पदार्थ घरी करताना या चुका टाळा

सीमाभागातील घरात जोंधळ्याची भाकरी, सोलकढी आणि इडली यांपैकी काहीच परके मानले जात नाही, आणि नेमके त्यामुळेच दुसऱ्या प्रांताचा पदार्थ करायला घेताना आपण त्याची कृती पुरेशी लक्षपूर्वक वाचत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या स्वयंपाकघरातील सर्वांत मोठी चूक म्हणजे कोणत्याही रस्स्यात सवयीने घातला जाणारा चमचाभर कांदा-लसूण मसाला. उडुपीच्या मठांच्या परंपरेतील स्वयंपाकात कांदा आणि लसूण दोन्ही वर्ज्य असल्याने तेथील सांबाराची चव ओले खोबरे, धणे, मेथी, कढीपत्ता, चिंच आणि गूळ यांवर उभी असते. त्यात तो चमचा पडला की सांबाराची आमटी होते. आमटीत वाईट काही नाही, पण तिच्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते.

मिरच्या केवळ मोजून घालणे ही दुसरी चूक. कर्नाटकी कृतीत आठ-दहा सुक्या मिरच्या सांगितलेल्या असतील, तर त्या बहुधा ब्याडगी असतात. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावाचे नाव मिळालेल्या आणि 2011 मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या या सुरकुतलेल्या मिरचीत रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा असतो. आपल्याच हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरच्या नावाची मिरची तिच्याहून बरीच तिखट असल्याने तितक्याच संख्येने घातल्यास पदार्थ तोंडात धरवत नाही. रंगासाठी ब्याडगी घ्यावी आणि तिखटासाठी एखादी संकेश्वरी, तीही बिया काढून. तिखट झालेल्या सांबारात नुसते पाणी वाढवल्याने चव पातळ होते. त्यापेक्षा शिजलेली डाळ, वाटलेले खोबरे आणि किंचित गूळ घालावा.

इडलीचे पीठ न फुगण्याचा दोष बहुतेक जण उडदाला देतात, परंतु खरे कारण अनेकदा हवेत असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, आणि चेन्नईच्या उकाड्यात रात्रभरात आंबणारे पीठ येथे पावसाळ्यात किंवा पौष महिन्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही तसेच पडून राहू शकते. म्हणून घड्याळाऐवजी पिठाकडे पाहावे: ते वर आलेले, जाळीदार आणि आंबूस वासाचे हवे. उडीद थोड्याशा मेथीबरोबर तांदळापासून वेगळा भिजवावा आणि त्याचा थेंब पाण्यावर तरंगेल इतका हलका वाटावा; दोन्ही वाटणे हाताने कालवून भांडे कोमट पाण्याच्या परातीत झाकून ठेवावे. तांदूळही उकडा घ्यावा, कारण घरात रोजच्या भातासाठी असलेल्या सुवासिक तांदळाची इडली दडस होते. एवढे करूनही पीठ बसलेलेच राहिले, तर सोडा घालून इडलीचा हट्ट धरू नये, आप्पेपात्र काढावे.

बिशीबेळे भातात चिंचेचा कोळ डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावा, कारण आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. केरळी इष्टूत, म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्शात, आधी नारळाचे पातळ दूध आणि अगदी शेवटी, आच मंद करून, दाट दूध घालावे. दाट दुधाला खळखळून उकळी आली की ते फाटते.

बंगाली पद्धतीची मोहरीतली मासळी करताना आपण दोनदा चुकतो. शेंगदाणा तेलात ती केल्यास तिचा झणका येत नाही, तर मोहरीचे तेल धूर निघेपर्यंत न तापवता वापरल्यास कच्चा उग्रपणा उरतो. मोहरी आधी भिजवून, मीठ आणि हिरव्या मिरचीसह, थांबत थांबत थोडा वेळच वाटावी. मिक्सर सतत फिरवत ठेवल्याने कडू झालेले वाटण गूळ घालूनही सुधारत नाही. ते टाकून थोडी मोहरी नव्याने भिजवावी.