पोर्शे ९११चं स्टिअरिंग घुंई करतंय? आधी ऑइल बघा

९९६ आणि ९९७ या पिढ्यांच्या ९११मध्ये पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं असतं. ९९१ या पुढच्या पिढीपासून ते इलेक्ट्रिक झालं, तिथे ऑइलच नाही. स्टिअरिंगची वॉर्निंग आली तर आधी बॅटरीचं व्होल्टेज तपासा.

हायड्रॉलिकमध्ये चाक वळवताना घुंई आवाज येत असेल तर लगेच पंप बदलू नका, मेकॅनिक कितीही घाई करो. मागे इंजिनाजवळच्या स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. ऑइलला फेस आलाय? म्हणजे पातळी कमी आहे किंवा टाकीकडून पंपाकडे जाणारा पाइप हवा खेचतोय. क्लिप आवळा, पाइप कडक झाला असेल तर बदला. ऑइल पेंटोसिन ब्रँडचं हिरवं सीएचएफच हवं; गिअरबॉक्सचं लाल एटीएफ ओतलंत तर सीलची वाट लागेल.

मग आत अडकलेली हवा काढायला पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बुडबुडे थांबेपर्यंत. पातळी मध्ये मध्ये भरत राहा. शेवटी इंजिन चालू करून पुन्हा तेच, पण टोकाला दाबून धरू नका.

पातळी तरीही घटतेय? स्टिअरिंग रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या भागाच्या) टोकाच्या रबरी आवरणात ओल दिसली तर सील गेलंय, आणि ते काम घरचं नाही.