कॅरेक्टर बिल्डर निवडताना या चुका टाळा

कॅरेक्टर बिल्डर म्हणजे खेळातलं आपलं पात्र बनवायचं ॲप. सगळ्यात महागात पडणारी चूक ते उघडायच्या आधीच होते: डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, न विचारता कॅरेक्टर बनवायला बसणं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे आज दोन नियमसंच चालतात, २०१४ चा आणि २०२४ चा, आणि डी अँड डी बियाँड या अधिकृत साइटवर ते शेजारी शेजारी दिसतात. जुन्या नियमांत एल्फ हा वंश घेतला की डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, २ ने वाढते. नव्या नियमांत ही वाढ वंशाकडून काढून बॅकग्राउंडला, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याला, दिली आहे. एक जुनं, एक नवं अशी जोडी जमवली की वाढ दोनदा मोजली जाते किंवा पूर्ण सुटते. डीएमकडून आधी एवढंच विचारून घ्या: कुठला नियमसंच, कुठली पुस्तकं?

मग पैशांचं. छापील पुस्तक घरात आहे म्हणून ते ॲपमध्ये आपोआप येत नाही. डिजिटल प्रत वेगळी घ्यावी लागते. पण पाच जणांनी तीच पुस्तकं पाचदा घेऊ नयेत. डी अँड डी बियाँडवर मास्टर टिअरची वर्गणी भरणारा एक जण आपली पुस्तकं कॅम्पेनमधल्या, म्हणजे सलग चालणाऱ्या खेळातल्या, सगळ्यांना वापरायला देऊ शकतो. फुकट खात्यात सहा कॅरेक्टर ठेवता येतात, नवख्याला तेवढी खूप झाली. पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर सरळ पाथबिल्डर हे ॲप घ्या. साधं कॅरेक्टर बनवायला पैसे लागत नाहीत.

ऑनलाइन शीट, म्हणजे पात्राची सगळी नोंद, कायमची आपली, असं मात्र धरून चालू नका. डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीचा अधिकृत बिल्डर आधी संगणकावर उतरवून घेता यायचा. २०१० मध्ये तो सिल्व्हरलाइट या प्लगइनवर, ब्राउझरमध्ये गेला आणि १ जानेवारी २०२० ला बंद झाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डी अँड डी बियाँडने शीटवरचे जुने स्पेल (मंत्र) बदलून नवे घालायचं जाहीर केलं होतं. खेळाडू भडकले, तेव्हा काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. म्हणून प्रत्येक लेव्हलनंतर पीडीएफ उतरवून ठेवा. ज्या ॲपमधून शीट बाहेरच काढता येत नाही, त्यावर वर्षभराचं कॅम्पेन टाकू नका.

आकडा चुकीचा दिसला तर ॲपला दोष देण्याआधी इन्व्हेंटरी बघा. चेनमेल या कडीदार चिलखताचा आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला जो आकडा गाठावा लागतो तो) १६, ढालीचे २, म्हणजे १८ हवेत. १६ च दिसत असेल तर ढाल सामानात पडून आहे, ‘इक्विप’ केलेली नाही. जादूची वस्तू चालत नसेल तर बहुतेक वेळा ‘अट्यून’ करायचं, म्हणजे ती पात्राशी जोडायचं, राहिलेलं असतं. तशा वस्तू एका वेळी तीनच चालतात. विझर्डचा (जादूगाराचा) स्पेल सापडत नसेल तर तो वहीत आहे, पण तयार केलेला नाही.

माझं ठाम मत आहे, पहिलं कॅरेक्टर कागदावर, पेन्सिलने बनवावं. एक संध्याकाळ जाते. पण डीएम म्हणतो, ‘गॉब्लिनचे १७ आले, लागतंय का?’ तेव्हा तुम्ही मोबाइल न उघडता सांगता, ‘नाही, माझे १८ आहेत.’